गप पडलेल्याला आधी

धारूरच्या घाटाखालच्या सरकारी दवाखान्यात केसरबाई एकवीस वर्षं नर्स होत्या. त्यांच्या हातावर जन्मलेल्या पोरी आता बाळंतपणाला त्यांच्याकडेच यायच्या. तरी जिल्ह्याहून डॉक्टरीणबाई तपासायला येणार म्हटल्यावर त्यांनी कपाटातल्या बाटल्या दोनदा पुसल्या.

किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. पुन्हा तसं काही ओढवलं तर दवाखान्यातली माणसं कितपत तयार आहेत, हे वरच्यांना पाहायचं होतं. आल्या त्या डॉक्टर शिवांजली, केसरबाईंच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. समोर बसून त्यांनी छापील फॉर्म काढला.

"अशा प्रसंगाचं प्रशिक्षण झालंय?"

"न्हाई."

"स्ट्रेचर किती?"

"एक. त्याचंबी कापड फाटलंय."

"कोणी काय करायचं, हे कुठं लिहून ठेवलंय?"

"न्हाई, मॅडम."

दर 'न्हाई'सरशी केसरबाईंचा आवाज बारीक होत गेला. शिवांजलीनं पान उलटलं.

"एकदम पन्नास जखमी आले, तर आधी कोणाकडे जाल?"

"गप पडलेल्याकडं," केसरबाई झटक्यात म्हणाल्या. "वरडणाऱ्याचा श्वास तरी चालू असतोय."

शिवांजलीचं पेन थांबलं. "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

केसरबाईंनी मान खाली घातली. पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळू लागल्या.

"भूकंप झाला त्याच दिवशी दुपारी आमाला जीपमधी घालून तिकडं नेलं," त्या म्हणाल्या. "शाळेच्या मैदानात माणसं निजवलेली. एक बाप्या पाय मोडला म्हणून लई वरडत होता. मी पळत त्याच्याकडं गेले, पाय बांधला. त्याच्या बाजूला आठ-नऊ वर्साची पोर होती. गप. अंगावर जखम दिसंना. मला वाटलं, दमून झोपलीय. मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली मॅडम, आन् पुढं गेले. माघारी आले तवा पोर गार पडली होती."

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"तिचं नाव बी मला ठावं न्हाई. घरी मालकांना बी कधी सांगितलं न्हाई."

शिवांजलीनं फॉर्म बाजूला सारला. उठून माठातलं पाणी आणलं, पेला केसरबाईंच्या हातात दिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

"गप माणूस आधी बघायचा, हे तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"न्हाई."

"मला कॉलेजात सांगितलं होतं, बाई. पण त्या दिवशी मी तिथं नव्हते. तुम्ही होता." मग ती म्हणाली, "मंगळवारी धारूरला तालुक्यातल्या सगळ्या नर्स येणार आहेत. त्यांना हे सांगाल?"

"मला कुठं भाषण येतंय?"

"भाषण नकोच. मला सांगितलं तसंच सांगा."

मंगळवारी सतरंजीवर तीसेक जणी बसल्या होत्या. केसरबाई आधी दाराशीच उभ्या राहिल्या. पण एकदा बोलायला लागल्यावर त्यांनी काही लपवलं नाही, चादरीचंसुद्धा सांगितलं.

मग त्यांनी दहा जणींना जमिनीवर निजवलं. "तुमी वरडायचं. मोठ्यानं. बाकीच्यांनी आधी कुणाला घ्यायचं ते बघायचं." बायका लाजत लाजत कण्हू लागल्या, मग खरंच ओरडू लागल्या. त्या गोंधळात शिवांजली स्वतः कोपऱ्यात जाऊन डोळे मिटून पडली. बाकीच्या ओरडणारींभोवती जमल्या. नोकरीला नुकतीच लागलेली बायनाबाई तेवढी त्यांना ओलांडून कोपऱ्यात गेली, गुडघ्यावर बसली आणि डॉक्टरीणबाईंच्या नाकापाशी तिनं हात धरला.

"हिला आधी घ्या!" ती ओरडली.

केसरबाईंनी तिला जवळ ओढलं आणि सगळ्यांदेखत त्या रडल्या. वर्षभर अडलेलं ते रडू होतं. कोणी त्यांना गप केलं नाही.

चहा आला तसा बायकांनी त्यांना गराडा घातला. लहान लेकरू असलं तर काय बघायचं? पोटात मार लागलेला वरून कसा ओळखायचा? जे ठाऊक होतं ते केसरबाई सांगत गेल्या, नव्हतं ते शिवांजलीला विचारत गेल्या. मधेच कोणीतरी सांगितलं, त्यांची एसटी निघून गेली.

"जाऊ द्या," केसरबाई म्हणाल्या. "हां, तू काय इचारत होतीस?"