अर्धा फेरा

मी एक जुनी चावी आहे. दाराची किंवा तिजोरीची नव्हे हं. माणसाच्या छातीइतकी उंच, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड असलेली, पाणी सोडायची लोखंडी चावी. रस्त्याकडेच्या अरुंद खड्ड्यात पाण्याचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्यावर मला बसवून फिरवलं की तळ्याचं पाणी गावात येतं. पण मुलं मला पाहून कुजबुजतात, ‘हीच ती.’ मित्रांनो, ती खोटं बोलत नाहीत. माझ्यावर माणसाचं रक्त सांडलं आहे.

मोडलेल्या ट्रकच्या आसापासून लोहाराने मला घडवलं. दोन दिवस मी ऐरणीवर मार खात होते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही आलं नाही, पण नोकरी मिळाली.

माझा मालक चावीवाला. वीस वर्षं रोज सकाळी तो मला खांद्यावर टाकून यायचा. अकरा फेरे फिरवले की पाणी पुरेसं सुटायचं. शाळेला निघालेली मुलं मोठ्याने मोजायची, ‘नऊ, दहा, अकरा!’ मग चावीवाला हळूच आणखी अर्धा फेरा द्यायचा. कारण नळाच्या अगदी शेवटच्या गल्लीत त्याची थोरली बहीण राहायची, आणि अकरा फेऱ्यांत तिच्यापर्यंत करंगळीएवढी धारही पोचत नसे. मुलं हसून ओरडायची, ‘साडेअकरा! ताईचा अर्धा!’ सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. तळं भरलेलं होतं, त्यामुळे कुणाच्या पोटात दुखत नव्हतं.

मग तळं उतरू लागलं. त्याच्या बांधाला आतून दगडी पायऱ्या आहेत. पाणी ओसरलं की त्या एकेक करून उघड्या पडतात. चावीवाला रोज त्या मोजायचा आणि पाणीखात्याच्या साहेबांना जाऊन सांगायचा.

“साहेब, सातवी पायरी उघडी पडली. एक दिवसाआड पाणी करू या.”

“लोक बोंब मारतील. उलट अर्धा तास वाढव, म्हणजे तक्रारी थांबतील.”

“आणि दुसरी चावी, साहेब? चार वर्षं झाली अर्ज देऊन.”

“आहे ना एक? ती मोडल्यावर बघू.”

साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त सगळ्यांनी चांगलं म्हणायला हवं होतं. आणि लोकांचं म्हणाल, तर वरच्या आळीतल्या एका दुकानदाराने नळालाच मोटर लावली होती. त्याला सगळे मोटरवाला म्हणत. त्याची टाकी भरून रस्त्यावर वाहायची, आणि तो निवांत अंगण धूत बसायचा. त्याचं पाहून आणखी दहा जणांनी मोटरी लावल्या. शेवटच्या गल्लीत नळ नुसते फुसफुसू लागले. आधी शिव्या झाल्या, मग बादल्या फेकल्या गेल्या. एकदा दोन शेजारणींनी माझ्यासमोर एकमेकींच्या झिंज्या उपटल्या.

अकरावी पायरी उघडी पडली त्या सकाळी खड्ड्याभोवती दोन्हीकडची माणसं जमली होती. काहींच्या हातात काठ्या होत्या. बहीण रिकामी कळशी घेऊन मागे उभी होती.

मोटरवाला म्हणाला, “आज अकराच फेरे मारायचे. बहिणीचा अर्धा मारलास, तर हात तोडीन.”

“अकराच मारतो, शेठ,” चावीवाला म्हणाला.

त्याने अकरा फेरे मारले. तो थांबलाही. पण वीस वर्षांची सवय मनगटात मुरलेली असते, मित्रांनो. त्याचं लक्ष नसताना हात पुढे गेला, आणि मी अर्धा फेरा फिरले.

मोटरवाल्याने मला उपसलं. पहिला घाव चावीवाल्याच्या खांद्यावर बसला. दुसरा त्याने आडव्या धरलेल्या उजव्या हातावर. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज मी अंगभर ऐकला. तिसऱ्याने त्याचं कपाळ फुटलं. मला ओरडता येत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं. मग काठ्या चालल्या, दगड आले. एका म्हाताऱ्याचे दात पडले. आणि या सगळ्यांच्या पायांखालून पाणी वाहत होतं. ते मोटरवाल्याच्याच टाकीतून सांडत होतं. त्यात रक्त मिसळून गटारात गेलं.

पोलीस आले. त्यांनी मला फडक्यात गुंडाळलं, सील ठोकलं आणि चौकीच्या कपाटात टाकलं. मी आता मुद्देमाल झाले होते. व्हॉल्व्ह मात्र उघडाच राहिला.

साहेबांनी स्वतः पोटावर झोपून खड्ड्यात पाना घातला, पण तो तळापर्यंत पुरेना. धावत चौकीवर आले. हवालदार म्हणाला, “पुरावा आहे, साहेब. कोर्टाचा हुकूम आणा.” कोर्टाला दोन दिवस सुट्टी होती. दोन दिवस, दोन रात्री पाणी वाहिलं. टाक्या भरल्या, तळघरं भरली, रस्ते धुतले गेले. तिसऱ्या दिवशी हुकूम आला आणि मला व्हॉल्व्हवर बसवलं, तेव्हा नळातून चिखल येत होता. तळ्यात मासे तोंड उघडून तडफडत होते आणि कावळे जिवंतपणीच त्यांचे डोळे टोचत होते. मी व्हॉल्व्ह बंद केला. पण बंद करायला उरलं काय होतं?

त्याच आठवड्यात साहेबांच्या बैठकीत बहीण शिरली. तिने भावाचा रक्ताने कडक झालेला सदरा टेबलावर ठेवला.

“चार वर्षं त्याचा अर्ज वाचला नाहीत,” ती म्हणाली. “आता हा वाचा.”

साहेबांनी कागद पुढे ओढला. त्या दिवशी दुसऱ्या चावीचा हुकूम निघाला. नळावरच्या मोटरी काढल्या गेल्या. सातव्या पायरीवर तांबडा पट्टा मारला गेला. तो उघडा पडला की एक दिवसाआड पाणी. मग साहेब असो की शेठ, कुणाचंही ऐकायचं नाही.

वर्षभराने खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, “याच हत्याराने मारलं?”

“मारलं हिनेच,” चावीवाला म्हणाला. “पण हे हत्यार नाही, साहेब. ही चावी आहे. आणि तो अर्धा फेरा चुकून माझ्याच हातून गेला होता, तेही लिहून घ्या.”

मोटरवाला तुरुंगात गेला. चावीवाल्याची बोटं पुन्हा वळली नाहीत. आता मला त्याची बहीण फिरवते आणि तो शेजारी बसून मोजतो. मुलं मात्र आता ओरडत नाहीत.

मित्रांनो, मला सांभाळून ठेवा असं मी म्हणणार नाही. मी लोखंडाची आहे, मला काही होत नाही. पायऱ्या मोजा. वाहणारी टाकी दिसली तर दार वाजवा, आणि खुर्चीवरच्या माणसाला सातव्या पायरीलाच विचारा. अकराव्या पायरीवर विचारलंत, तर उत्तर माझ्याकडून मिळतं.

आजही तांबडा पट्टा उघडा होता. “अकरा,” भाऊ म्हणाला. तिची कळशी तिच्या दारात अर्धीच भरणार होती, हे दोघांनाही माहीत होतं. तिने माझ्या मुठीवरचा हात काढून घेतला.