खरं उत्तर देणारीची दुनळी

मी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातली एक दुनळी बंदूक बोलतेय. माझी मालकीण विल्मा हॅस्केट, वय त्रेसष्ट, धंदा कोंबड्यांचा. मला घेतलं तिच्या वडिलांनी. माझं काम एकच, कोल्हे आले की आवाज करून पळवायचे. एरवी दारावर टांगून राहायचं. माणसावर मला कुणी कधी रोखलं नाही.

विल्माला कॅन्सर झाला. पोटात अन्न टिकेना, तेव्हा डॉक्टरांनी रात्री गांजाची गोळी घ्यायला सांगितलं. राज्य सरकारने फोटो चिकटवून रीतसर परवाना दिला. केंद्र सरकारचा कायदा मात्र सांगत होता, की गांजा घेणाऱ्याच्या घरी बंदूक सापडली तर तुरुंग. दोन्ही सरकारं तिचीच.

वसंतात वादळाने खुराडं उडवलं. शेरीफचा, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाचा, माणूस डेल्बर्ट विचारपूस करायला आला. टेबलावर गोळ्यांची बाटली, दारावर मी.

"काकू, ह्या गोळ्या तुमच्या?"

"माझ्याच. परवाना दाखवू?"

तिने दाखवला. तोच पुरावा ठरला. मी जप्त झाले, तिच्यावर खटला भरला गेला.

शेजारचा हँक रोज अर्धी बाटली व्हिस्की पितो. घरात अकरा बंदुका; त्यातल्या एकीने त्याने स्वतःचीच टपालपेटी दोनदा उडवली आहे. त्याच्याबद्दल कायद्याची तक्रार नाही. तोच कोर्टात विल्माच्या चारित्र्याची साक्ष द्यायला आला, कठडा घट्ट धरून.

विल्माची वकीलबाई म्हणाली, बंदूक बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. तो काढून घ्यायचा असेल तर, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे, घटनेच्या काळातल्या पूर्वजांनीही असं केल्याचं दाखवा. सरकारी वकिलांनी दोनशे वर्षांचे जुने कायदे उपसले. सापडले ते दारुड्यांचे : चढलेली असताना बंदूक नको, उतरली की खुशाल घ्या. पूर्वज समजूतदार होते. स्वतःही पीत होते.

न्यायाधीशांनी विचारलं, "त्या सकाळी बाई नशेत होत्या?"

"नाही, साहेब."

"कुणाला धोका होता?"

सरकारी वकिलांनी कागद चाळले. "कायद्याला," ते म्हणाले.

खटला रद्द झाला, कायदा मात्र पुस्तकात तसाच राहिला. सरकारने अपीलही केलं नाही. विल्मा वकीलबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि शेरीफच्या कचेरीत मला न्यायला आली. कारकुनाने फॉर्म पुढे केला. प्रश्न होता : आपण गांजा घेता का? होय लिहिलं तर बंदूक मिळणार नाही. नाही लिहिलं तर खोटं लिहिल्याचा नवा गुन्हा.

कारकून हळूच म्हणाला, "काकू, नाही म्हणा. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ती म्हणाली. तिने 'होय' लिहिलं, माझ्या दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि गेली.

आता मी चिठ्ठी बांधून फळीवर पडून आहे. कोल्ह्यांनी सात कोंबड्या नेल्याचं कारकुनाच्या तोंडून ऐकलं. वाचकहो, एवढी कृपा करा : तुमच्या ओळखीत कुणी सराईत खोटारडा असेल तर त्याला इकडे पाठवा. खऱ्या माणसाला मी परत मिळत नाही.