बादलीची जागा

नव्या कोच डॉर्थीबाईंवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. त्यांची भाची पलीकडच्या गावच्या सॉफ्टबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, आहे. मग ही बाई माझ्या मुलीला, मार्लीला, तेच काम मनापासून शिकवेल कशाला?

आमच्या ओक्लाहोमात पिचर मुलीचा बाप उपड्या बादलीवर बसून तिचे चेंडू झेलतो. मीही झेलत होतो. बाई मात्र चेंडूकडे बघतच नव्हत्या. त्यांनी मातीत चुन्याची सरळ रेघ मारली आणि मार्लीचं पाऊल कुठं पडतं तेवढंच बघत राहिल्या. पाऊल दर वेळी रेघेच्या डावीकडे पडायचं.

"असं तिरकं पाऊल टाकून खांदा जाईल पोरीचा. कुणी लावली ही सवय?"

मी भडकलो. "तुमच्या भाचीला जिंकवायचंय, तर सरळ सांगा ना!"

मार्लीच्या पावलाचा ठसा जिकडे वळला होता, त्या रेषेत बाईंनी जमिनीवर बॅट ठेवली. "बघ बाबा, कुणाकडे चाललंय ते."

बॅटचं टोक थेट माझ्या बादलीकडे होतं. गेल्या वर्षी नडगीवर चेंडू बसल्यापासून मी प्लेटच्या, म्हणजे चेंडू जिच्यावरून जायला हवा त्या पाटीच्या, मागे न बसता जरा बाजूलाच बसतो.

"डॅडी, तू बसतोस तिकडेच टाकते ना मी," मार्ली म्हणाली.

मी बादली प्लेटच्या बरोबर मागे नेली. मार्लीचं पाऊल रेघेवर पडलं आणि चेंडू सणसणत त्याच नडगीवर आला.

"आता कसं!" बाई खूश झाल्या.

भाचीच्या बापालाही त्या असंच प्लेटच्या मागे बसवतात का, ते मी एकदा जाऊन बघणारच आहे.