पाचशे अणूंची नळी

"मोजून पाचशे आहेत," साहेब म्हणाले आणि दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली बोटाएवढी काचेची नळी त्यांनी गळतीमामांच्या तळहातावर ठेवली. "टाकीत सोडा, पुन्हा बाहेर काढा आणि मला आकडा सांगा. बघू या तरी, गळतंय कुठे."

मामांनी नळी दिव्याकडे धरून पाहिली. दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि पाचशे अणू असते तरी ते दिसले नसते. नळी रिकामी आहे हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. साहेबांना, आणि नोंदवही सांभाळणाऱ्या मला. 'आर्गॉनचे पाचशे अणू, समक्ष भरले' या नोंदीखाली सही माझी होती.

आमची टाकी एका जुन्या खाणीत होती, मैलभर खोल. लॉंड्रीवाले कोटाचे डाग काढायला जो द्रव वापरतात, त्याने ती काठोकाठ भरलेली. सूर्यातून न्यूट्रिनो नावाचे कण निघतात. ते आपल्या अंगातून आणि पृथ्वीतूनही आरपार जातात, कुठे थांबत नाहीत. कधी तरी एखादा टाकीतल्या क्लोरीनच्या अणूवर आदळला, तर त्या अणूचा आर्गॉन होतो. हे आर्गॉनचे अणू दर दोन महिन्यांनी टाकीतून काढून मोजायचे, हे मामांचं काम. सूर्याच्या गणिताप्रमाणे पन्नासेक निघायला हवे होते. मामांना सतरा मिळत. कधी सोळा, कधी एकोणीस. सलग अकरा वर्षं.

गणित करणारे मोठे होते आणि सूर्य तर त्याहून मोठा. चुकण्याजोगे राहिले एकटे मामा.

गळतीमामा हे नाव तेव्हाच पडलं. कॅन्टीनमध्ये कोणी त्यांच्यापुढे कप ठेवला की विचारायचा, "मामा, बघा बरं, तीनातले दोन हिस्से वाटेत सांडले नाहीत ना?" घरीही तेच. एकदा पिशवीतून थोडं दूध सांडलं, तर मामी माझ्यादेखत म्हणाल्या, "ज्यांना सूर्य धड आणता येत नाही, त्यांच्याकडून दुधाची काय अपेक्षा?" मामा हसले. ते नेहमीच हसायचे. पण सुटीच्या दिवशी खाणीत उतरून टाकीच्या एकेका सांध्यावर साबणाचा फेस लावत बसायचे, बुडबुडा येतो का पाहत. कधीच आला नाही. पुढेपुढे घरातला नळ बंद केल्यावर ते तीन-तीनदा परत जाऊन पाहू लागले.

अणू मोजणं म्हणजे प्रत्यक्षात कागदाच्या पट्टीवरच्या खुणा वाचणं. टाकीतून काढलेला वायू मोजणीयंत्रात भरला की आत एकेक अणू फुटतो आणि पट्टीवर एक रेघ उमटते. पण रेघा इतरही पुष्कळ उमटतात, काचेतल्या, भिंतीतल्या किरणांच्या. खरी रेघ ताठ चढते, बाकीच्या जरा कलतात. मामा भिंग लावून प्रत्येक रेघेपुढे पेन्सिलीने लिहायचे, 'खरी' किंवा 'कचरा'. त्यांचा नियम एकच होता. शंका आली की कचरा.

साहेबांना मात्र वाटायचं की हा माणूस आकडे मनाने लिहितो. म्हणून ती रिकामी नळी. त्यांनी मामांना आधीच बजावलं होतं की या वेळी आकडा पाचशेच्या जवळ आला नाही, तर टाकीची किल्ली दुसऱ्याकडे जाईल. मामा ती किल्ली सुतळीने गळ्यात बांधत असत.

नळी टाकीत फोडली, वायू काढला, यंत्र चालू झालं. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस एका दुपारी मामा पट्टीची गुंडाळी घेऊन माझ्या टेबलाशी आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाले की रेघा पाचशेच्या आसपास आहेत, पण ताठ फक्त सतरा. बाकीच्या कललेल्या. त्यांनी तीनदा वाचून पाहिल्या होत्या.

"तू समोर होतास ना रे, नळी भरताना?"

मी वहीकडे पाहत होतो. त्या क्षणी काय काय मनात आलं ते आता आठवून लिहिलं, तर मी स्वतःला बरा ठरवायला बघतोय असं होईल. साहेबांची ताकीद होती, एवढं खरं.

"पाचशे होते?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मग माझे डोळेच गेले म्हणायचे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट थोडं हायसं वाटल्यासारखा होता तो. खाली जाऊन त्यांनी भिंग पुसलं आणि कललेल्या रेघांपुढचे 'कचरा' खोडून 'खरी' लिहायला घेतलं.

त्यांनी आकडा दिला चारशे ऐंशी. गणितवाले पाहुणे आले होते त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं, मामांकडून तो आकडा मोठ्याने वाचून घेतला, आणि मग शांतपणे म्हणाले, "नळीत काहीच नव्हतं."

कोणी तरी हसलं. मामांनी साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग सुतळी डोक्यावरून काढली. ती कानात अडकली, सोडवायला वेळ लागला. किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली.

त्यांच्या अकरा वर्षांच्या प्रत्येक पानावर 'ग्राह्य नाही' हा शिक्का मीच मारला. दोन दिवस पुरलं ते काम.

किल्ली दुसऱ्याकडे गेली. त्यालाही सतराच मिळाले. त्याला कोणी गळती म्हटलं नाही. तोवर साहेबांचाच आकड्यावर विश्वास बसला होता. पुढे कित्येक वर्षांनी दुसऱ्या एका खाणीतल्या मोठ्या यंत्राने उलगडा केला. न्यूट्रिनो सूर्यातून पुरेच निघतात, पण वाटेत त्यांची जात बदलते, आणि आमच्या टाकीला त्यातली एकच जात दिसत होती. काही गळत नव्हतंच. साहेबांचा सत्कार झाला. भाषणात त्यांनी रिकाम्या नळीचा किस्सा रंगवून सांगितला. सभागृह खूप हसलं. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी माझा एकुलता एक कोट घेऊन मी बाजारामागच्या लॉंड्रीत गेलो. मामा तिथे काम करतात हे मला वीस वर्षांपासून माहीत होतं. दारातच टाकीतल्या द्रवाचा तो गोडसर वास आला. काउंटरमागे ते भिंग डोळ्याला लावून कुणाच्या तरी बाहीवरच्या डागाभोवती खडूने गोल काढत होते. गोल बरोबर डागाभोवतीच आला.

त्यांनी मला ओळखलं. कोट ओढून घेतला आणि खिसे तपासू लागले.

मी सांगितलं की त्यांचे सतरा बरोबर होते. अकराही वर्षं. न्यूट्रिनो कसे बदलतात तेही सांगितलं, बहुधा फार लांबण लावून. ते खिशातून निघालेलं बसचं तिकीट, पेन्सिलीचा तुकडा, रुमाल माझ्यासमोर ओळीने मांडत गेले.

"नळी रिकामी आहे हे मला माहीत होतं, मामा."

त्यांनी कोट उलटा केला आणि बटणं मोजायला लागले. बोट ठेवून, एकेक. शेवटाशी पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"पाच," ते म्हणाले. "सहावं आधीपासूनच नाहीये. लिहून ठेवतो."

पावतीवर त्यांनी तसं लिहिलं, बारीक, स्वच्छ अक्षरात. मग पावती माझ्याकडे फिरवली, आणि सही करायची होती तिथे बोट ठेवलं.