राजमती मॅडमचा आवाज

हुपरीच्या एका शाळेत राजमती मॅडम तासिकेवर गणित शिकवायच्या. तासिकेवर म्हणजे जितके तास तितका पगार, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. म्हणून सुट्टीत मुख्याध्यापक अमरसिंह सर म्हणाले, "मॅडम, अख्खं पुस्तक स्लाइडवर घ्या, तुमच्या आवाजात. ऑनलाइन टाकूया. संस्था तुमचं काम बघंल की," तेव्हा त्या हरखल्या. बिचारीला वाटलं, आता आपण कायम होणार.

शेजारच्या घरांतली चांदीचे पैंजण घडवायची ठोकाठोक थांबली की खिडक्या लावून त्या रेकॉर्डिंग करत. समोर वर्ग नव्हता, पण सवय जाते कुठं? उदाहरण संपलं की विचारायच्या, "कळलं नाही त्यानं हात वर करा." वर्गातली त्यांची ही रीतच होती. हात दिसला की त्या बाकापाशी जाऊन पहिल्यापासून सांगायच्या, आणि कुणी हसलं तर त्याची खैर नसायची. रिकाम्या खोलीत हात कुणाचा दिसणार? मग त्याच म्हणायच्या, "कुणाचाच नाही? शाब्बास. पुढं जाऊ."

जूनमध्ये शाळा उघडली. सर वेळापत्रकात मान घालून बोलले, "स्लाइड झ्याक झाल्यात. संस्था म्हणती, आता गणिताला येगळा माणूस कशाला? पिराजी शिपाई बटण दाबंल की."

"आणि मी, सर?"

"तुमचा आवाज हायच की शाळेत."

मॅडम भांडल्या नाहीत. खरं तर दारात उभं राहून भांडायला हवं होतं. पण दुसऱ्या शाळेत अर्ज केला की तिथले लोक याच सरांना फोन करणार. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता, आता बोंब कुणाच्या नावानं मारायची?

व्हरांड्यातून जाताना सातवीच्या वर्गातून त्यांना स्वतःचाच आवाज आला. त्या खिडकीशी थांबल्या. भिंतीवर अपूर्णांकांची स्लाइड होती, स्टुलावर पिराजी पेंगत होता.

"कळलं नाही त्यानं हात वर करा."

क्रांतीनं हात वर केला. ही पोर आधी वर्गात तोंडच उघडत नव्हती. हात वर करायला लाजायचं नसतं, एवढं तिला पटवायला मॅडमना अख्खं वर्ष लागलं होतं.

"कुणाचाच नाही? शाब्बास. पुढं जाऊ."

वर्ग खदखदून हसला. क्रांतीनं इकडंतिकडं बघितलं आणि हात खाली घेतला.

"क्रांती, थांब. मी सांगते," मॅडम खिडकीतून म्हणाल्या. पण पिराजीनं स्पीकर मोठा लावला होता. कुणालाच ऐकू गेलं नाही.