असमाधानकारक खुलासा

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकून अर्ध्या कानाने ऐकायची ही गोष्ट नाही. एका बाईची गोष्ट सांगतो. लांबण लावणार नाही, पण मध्येच जीभ कडू झाली तर सांभाळून घ्या. देवाचं नाव घेणाऱ्या तोंडाला कडूपणा शोभत नाही हे मला कळतं. पण तिच्या शोकसभेत मी होतो, तुम्ही नव्हतात.

सभा ठेवली होती दुपारी दोनला, आणि दोनला पाळी बदलते. ज्यांनी त्या बाईबरोबर, आमच्या मावशीबरोबर, उभी हयात चादरी बदलल्या ते सगळे त्या वेळी वॉर्डात अडकलेले असतात. इस्पितळात चार दिवस पडून राहिलेल्या पेशंटलासुद्धा हे ठाऊक असतं, ऑफिसला नव्हतं. त्यामुळे शोक करायला आली ती नुसती साहेब मंडळी. मी लिफ्टवाला. त्यांना वर आणलं आणि दारातच थांबलो.

फळ्यावर लिहिलं होतं, ‘स्वच्छता कर्मचारी’. मावशी बायकांच्या वॉर्डात आया होती, अठ्ठावीस वर्षं. निवृत्तीला चार महिने उरले असताना गेली.

आधी मेट्रनबाई बोलल्या. “ती म्हणजे मायेचा झरा होती.” याच बाई मावशीला हाक मारायच्या ती, “ए मावशी, मेलीस का तिकडे?” मावशीही काही कमी नव्हती. “तुमच्या सहीशिवाय कशी मरेन?” म्हणायची. शेवटी सहीवाचून गेलीच.

आता ती कोण होती ते ऐका.

इथे कामाला लागायच्या आधी मावशी इथेच बाळंत झाली होती. लेक झाल्यावर तासाभराने कुणीतरी तिच्याखाली बेडपॅन सरकवला. स्टीलचा, गारठलेला. ती दचकली, टाके ताणले, आणि वर ऐकावं लागलं, “नाटकं नकोत.” पोर दीड वर्षाची असताना नवरा निघून गेला. मावशी लेकीला शेजारणीच्या ओटीत घालून याच वॉर्डात आया म्हणून लागली. पहिल्या दिवसापासून तिची एक रीत. बेडपॅनवर गरम पाणी फिरवायचं, फडक्याने कोरडा करायचा, आणि काठ स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा. लेकराचं दूध बघतात ना, तसा. मगच तो बाईखाली सरकायचा.

यात कुणाचं काय बिघडत होतं? ऑफिसचं बिघडलं. गरम पाणी फक्त उपकरणांसाठी, असा नियम निघाला. मावशीच्या हातात कागद पडला, ‘गरम पाण्याचा अपव्यय. तीन दिवसांत खुलासा सादर करावा.’ तिला लिहिता येत नव्हतं. लेक सातवीत होती. तिने वहीचं पान फाडून, तीनदा खाडाखोड करून, चौथ्यांदा सुवाच्य लिहिलं, ‘पेशंटला गार लागतं म्हणून.’

“अजून काहीतरी लिहू या ना गं, आई.”

“नको. खरं आहे तेवढं झालंय.”

कागद परत आला. खाली लाल शाई, ‘खुलासा असमाधानकारक. ताकीद देण्यात येत आहे.’ आणि सही.

ताकिदीआधीच्या चौकशीत मलाही बोलावलं होतं. “तू काही पाहिलंस?” मी म्हणालो, “साहेब, मी लिफ्टमध्ये असतो.” तेव्हा थुंकायचंच असेल, तर आधी माझ्यावर थुंका.

गरम पाण्याच्या नळाला कुलूप लागलं. त्यानंतर मावशीने चहा सोडला. दोन्ही वेळेला स्टाफच्या चहाच्या गरम पाण्याची किटली वर यायची, माझ्याच लिफ्टमधून. मावशी आपल्या वाटणीचं पाणी थर्मासमध्ये ओतून घ्यायची, कप उपडाच ठेवायची. ज्या बाईला फार दुखतंय तिच्यापुरतं पुरायचं. बाकीच्या आया हसायच्या, “चहा सोडलास, आता आम्हालाही सोडशील!” ती म्हणायची, “तुमच्या हातचा चहा सोडायला कसला आलाय निग्रह?” सतरा वर्षं तो थर्मास मी पाहिला. तोंड उघडलं नाही.

तर सभेत मोठे साहेब उठले. ताकिदीवर सही यांचीच, तेव्हा खुर्ची जरा लहान होती. म्हणाले, “मध्यंतरी माझंच ऑपरेशन झालं. मी इथे पेशंट म्हणून राहिलो. आपली व्यवस्था बघा, बेडपॅनसुद्धा कोमट मिळतो. पैसेवाल्या दवाखान्यांत हे नाही.”

टाळ्या पडल्या. स्पेशल खोलीला माणूस कमी म्हणून त्या आठवड्यात मावशीला तिकडे पाठवलं होतं, हे टाळ्या वाजवणाऱ्या एकालाही माहीत नव्हतं.

लेक पहिल्या रांगेत होती. आता शाळेत शिकवते. उठली आणि शांतपणे म्हणाली, “साहेब, ती व्यवस्था नव्हती. आई होती माझी.”

घडीवर झिजलेला तो कागद तिने त्यांच्यासमोर ठेवला. “खुलासा मी लिहिला होता. शेवटपर्यंत आई विचारायची, त्यात काय कमी पडलं गं? तुम्हाला कोमट लागलं ना? मग ‘असमाधानकारक’ तेवढं खोडा.”

साहेबांनी चष्मा लावला, काढला. “कर्मचारी वारला की फाईल बंद होते. बंद फाईलमध्ये फेरफार करता येत नाही.”

“ही माझी प्रत आहे. हिच्यावर खोडा.”

“प्रतीवर खोडून काय उपयोग?”

“मला आहे.”

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. “साहेब, नळाला कुलूप होतं. ते पाणी तिच्या चहाचं होतं. किटली मी आणत होतो.”

मग मेट्रनबाई म्हणाल्या, “बघा, केवढा हा सेवाभाव!” आणि पुन्हा टाळ्या. साहेबांनीही वाजवल्या, घड्याळ बघत. पेन खिशातच राहिलं. इतकी वर्षं देवाच्या दारात हात जोडतोय, पण त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांना नमस्कार करायची बुद्धी त्याने मला अजून दिलेली नाही.

लेक कागद घेऊन लिफ्टमध्ये आली. सभेत दिलेलं सन्मानपत्र खुर्चीवरच राहिलं.

“काका, इतकी वर्षं का नाही बोललात?”

“भ्यालो, पोरी.”

तिने पर्समधून पेन काढून माझ्यासमोर धरलं. “तुम्ही खोडा. तुम्ही पाहिलंय.”

दोन मजल्यांच्या मध्ये मी लिफ्ट थांबवली. वरून कुणीतरी बेल दाबत होतं, दाबू दिली. कागद भिंतीला टेकवून त्या एका शब्दावर रेघ मारली. रेघ वाकडी गेली. तिने शाई वाळू दिली आणि कागद घडीवर घडी बसवून पर्समध्ये ठेवला.

एवढीच गोष्ट. आता एक मागणं. कधी अंथरुणाला खिळलात, आणि कुणा अनोळखी हाताने तुमच्याखाली ऊन भांडं सरकवलं, तर इमारतीचं कौतुक करू नका. दिवसभर उपडा राहिलेला मावशीचा कप तेवढा आठवा.