रिकाम्या देव्हाऱ्यापुढे

घंगाळाच्या तळाशी बाळकृष्ण रांगत होता – पितळेचा, अंगठ्याएवढा, एक गुडघा टेकलेला, उजव्या हातात लोण्याचा गोळा तसाच वर धरलेला. गळ्याच्या वर पाणी आलं तरी लोणी काही सोडलं नाही बाबाने, असं मुक्ताबाईच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं, ते तिने पदरात दाबलं. शेजारी खंडोबाचा टाक, देवीचा टाक, गणपती, सगळे एकमेकांच्या अंगावर, बाजारच्या दिवशी एसटीत कोंबल्यासारखे. म्हणजे वहिनींनी देव पाण्यात घातले होते. मागणं पुरं होईपर्यंत देवांनी असंच बुडून राहायचं आणि देव्हारा रिकामा... आणि फोनवर रविराज म्हणाला होता, "आबांना थोडा थकवा आहे आत्या, बाकी काही नाही." पेपरातही तेच, आमदार आबासाहेबांना प्रचाराचा थकवा, विश्रांतीचा सल्ला. थकव्यासाठी कुणी देव बुडवतं होय?

"वहिनी, काय झालंय दादाला?"

वहिनींनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "वन्सं, तुमच्या पाया पडते, कुटं बोलू नका. उजवी बाजू गेली हो सगळी. आर्ज भरून आले, जेवाय बसले, घास घेतला न् हात तसाच ताटात पडला. बोलनंबी गेलं."

उजवी बाजू. म्हणजे उजवा हात. मुक्ताबाईने डोळे मिटले, आणि वहिनींना वाटलं नणंद रडतेय, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत नव्हती. ती आत कुठेतरी, अगदी खोल, पंधरा-सोळा वर्षं बंद असलेल्या खोलीत, बरं झालं, बरं झालं, असं म्हणत होती, आणि तो आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून डोळे मिटून होती.

याच स्वयंपाकघरात तिने दादाला सांगितलं होतं. कारखान्याची निवडणूक होती, आणि मास्तर – तिचा नवरा, गोरक्षनाथ मास्तर, उभ्या आयुष्यात पोरांवरही आवाज न चढवलेला माणूस – मेव्हण्याच्या पॅनेलविरुद्ध उभा राहिला होता. ते ठीक, घराघरात चालतं. पण मास्तरांचा हात थरथरायला लागला होता. कंपवात, डॉक्टर म्हणाले. घरात तिला माहीत, डॉक्टरला माहीत... आणि भाऊ म्हणून, पुढाऱ्याला नव्हे, भावाला, तिने रडत रडत सांगितलं. दादाने तिला पाणी दिलं होतं. स्वतः उठून, माठातलं. आणि चौथ्या दिवशी बाजारतळावरच्या सभेत माईक उजव्या हातात धरून त्याने तो हात हलवला – असा, असा – आणि हवेत सही केली. "मतदारराजाला कळायला नको व्हय? ज्याच्या हातात आपन कारखान्याचं चेकबुक द्यायचं, त्यो हात कसा हाय ते!" मैदान हसलं. बायकांच्या बाजूला ती बसली होती, डोक्यावर पदर घेऊन, आणि तिच्या शेजारची बाईही हसली. मग ओळखून गप्प झाली.

मास्तर पडले, ते काही एवढं नाही. पण त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी चारचौघांत हात बाहेर काढला नाही. लग्नात अक्षता टाकायच्या तरी डाव्या हाताने. उजव्यावर उपरणं, उपरणं नसलं तर तिचा पदर. तिला सवय झाली होती, कुणी समोरून आलं की बोलता बोलता ती आपला हात त्या हातावर ठेवायची... आणि सगळ्यात जास्त जळायचं ते हे, की वाक्य खोटं नव्हतं. कळायला नको का लोकांना? हवंच की! मीही तेच म्हणते. पण ते हसणं...

"आत्या, आलात! लई बरं वाटलं." रविराज आत आला. पांढराशुभ्र कुर्ता, हातात मोबाईल, बापाची चाल जशीच्या तशी. "चला, ओवाळून घेऊ. मी शूटिंग करतो. एवढ्या वर्षांनी रुसलेली बहीण आली म्हटल्यावर लोक तुमच्याकडंच बघत्यात, आबांकडं कुणाचं लक्ष न्हाई."

"असं म्हणतोस! म्हणजे माहेरपणाचं बोलावणं नव्हतंच."

"काय आत्या, तुमी पण." तो हसला, मग आवाज खाली आणला. "उद्या माघारीचा शेवटचा दिवस. आपले तिघं बंडखोर आबांच्या शब्दावर बसणार हैत. त्यांना नुसतं कळू द्या की आबा हातरुणात हैत, एकजण बसायचा न्हाई."

"आणि मत देणारे? त्यांना नको कळायला?"

"कळंल की नंतर. कोन पळून चाललंय?"

खुर्ची देवघरापुढेच ठेवायची होती. दरवर्षी भाऊबीजेचा फोटो तिथलाच निघायचा, जागा बदलली तर लोक म्हणतील हे दवाखान्यातलं शूटिंग. आणि तिथेच अडलं. मोबाईलच्या पडद्यावर आबासाहेबांच्या रिकाम्या खुर्चीमागे सागवानी देव्हारा दिसत होता, धुऊन पुसून लख्ख, आणि आत एकही देव नाही.

"आई, देव वर काढ. पाच मिनिटं."

"न्हाई."

"अगं, हे बघितल्यावर तालुक्यातल्या बायांना काय सांगावं लागतंय का? रिकामा देव्हारा म्हंजे –"

"गुन येईस्तवर न्हाई काढायचे. तुज्या विलेक्शनसाटी मी माझं कुकू पनाला लावू व्हय रे?" वहिनी एवढं जन्मात कधी बोलल्या नव्हत्या. त्या दारातच बसल्या, घंगाळाकडे जायची वाट अडवून.

रविराजने मोबाईल इकडे केला, तिकडे केला, मग मुक्ताबाईला दंडाला धरून उभं केलं. "हां! आत्या, हितं. आबांच्या जवळ. तुमच्याआड बरोबर झाकतोय. फकस्त मागं सरकू नका."

"या घराला माझ्या अंगाचा उपयोग झाला बाई एकदाचा," ती म्हणाली, आणि रविराज मोठ्याने हसला, कारण त्याला वाटलं आत्या विरघळली.

अर्धं पाऊल. एवढंच तर मागे सरकायचं होतं. कुणाला काही बोलायचं नाही, पत्रकार नको, चुगली नको. फक्त ताट फिरवता फिरवता जरा मागे, आणि पुढचं काम बायका करतील, प्रत्येक गावात, पाणी भरता भरता. एवढं सोपं असतं तर मास्तर, तुम्ही जरा थांबायचं होतं की हो...

दादाला दोघांनी धरून आणलं. दाढी केलेली, टोपी घातलेली, शाल उजव्या अंगावरून घट्ट लपेटलेली. चेहऱ्याची डावी बाजू आमदाराची होती. उजवी कुणाचीच नव्हती. दोरीवरून घसरत आलेल्या ओल्या धोतरासारखी ती खाली चालली होती, आणि तिच्यावर कुणीतरी पावडर लावली होती. डोळे मात्र दोन्ही त्याचेच. त्या डोळ्यांनी त्याने बहिणीला पाहिलं, आणि घशातून काहीतरी काढलं. मुक्ते, असं असेल. नसेलही.

बघ, दादा. बघ माझ्याकडे.

"घ्या आत्या, चालू केलंय."

तिने कुंकू लावलं. अक्षता लावल्या. कपाळ गरम होतं, आणि लहानपणी तापात असायचं तसं जरा दमट. ते बोटाला आवडलं नाही. सुपारी फिरवली, अंगठी फिरवली, निरांजनाचं ताट उचललं. मोबाईलमागे रविराजने अंगठा वर केला. आता. पहिला फेर पुरा झाला की... तिची टाच मागे उचलली गेलीसुद्धा. ओवाळणीची नोट रविराजने बापाच्या डाव्या मुठीत आधीच कोंबून ठेवली होती. पण दादाला बहुतेक डाव्या हाताने द्यायची नव्हती. त्याने नोट मांडीवर सोडून दिली, आणि डाव्या हाताने शालीआडून उजवा ओढायला लागला – ओढला, शाल घसरली, आणि तो हात बाहेर आला, फुगलेला, बोटं आत वळलेली, पालथा पडून राहिला सगळ्यांसमोर.

आणि मुक्ताबाईचा हात गेला. तिने पाठवला नव्हता. तो आपला सवयीने गेला, ताट एका तळव्यावर तोललं गेलं, ती पुढे वाकली, पदर ओघळला, आणि हातावर हात, वर पदर – इतकं पटकन, इतकं बेमालूम, की बघणाऱ्याला वाटावं बहिणीचं मन भरून आलं.

"एक नंबर!" रविराज ओरडला. "आत्या, रडवलंत तुमी!"

तिने हात काढून घेतला. तळवा साडीला पुसला, पुन्हा पुसला. दादाच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं, आणि तिला ते पुसायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. कुणाचा हात झाकलास गं भवाने? मास्तरांचा होता का तो? तेवढी वर्षं जपून ठेवलेला राग, रोज ऊन दाखवलेला, कीड लागू न दिलेला, तो मनगटाला कळलाच नाही... ती चप्पल न घालताच अंगणात आली. मागे रविराज व्हिडिओ पाठवत होता, मोबाईलमधून तिचंच नाव घेऊन कुणीतरी वाहवा करत होतं.

फाटकाबाहेर बायका होत्या. दरवर्षी आबासाहेबांना ओवाळायला यायच्या तशा आल्या होत्या, ताटं घेऊन, वाऱ्यापासून ज्योत राखत. आज पहारेकरी आत सोडत नव्हता. पुढे चांगुणाबाई होती, शेजारची, मुक्ताबाईला परकरात पाहिलेली.

"मुक्ते! तू आतून आली ना? ह्यो म्हन्तो, साहेब झोपल्यात. दिवाळीचं कोन झोपतं का? मत आमीच देनार न् आमालाच गेटाबाहीर." म्हातारीने गजांतून हात घालून तिचं मनगट धरलं. "तुझ्या तोंडून ऐकू दे. कसा हाय गं तुझा भाऊ?"

सांगायचं, हे तर नक्की होतं. या बायकांचा हक्कच होता तो, त्यात तिला आजही शंका नव्हती. जिभेवर वाक्य तयारही होतं, इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं, 'ज्याच्या हातात आपण...' – आणि ते आठवताच तिचा उजवा हात गजांआड आपोआप थोडा उचलला गेला, बोटं लोंबती सोडून, नक्कल करायला. तिने तो थांबवला. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने हे सांगतात? तिने तर ते एकदाच ऐकलं होतं, हसण्यासकट. हसणं काढून टाकलं तर खाली कोणता आवाज उरतो, तोंड कसं ठेवायचं असतं, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं... बायका गजांजवळ सरकल्या. सगळ्या तिच्या ओठांकडे बघत होत्या, आणि मुक्ताबाईच्या लक्षात आलं, आपण मघापासून नुसता घसा साफ करतोय.